ळ

कॅनच्या हिशेबाची वही मी मागच्या पानापासून उलटी लावली
आणि तिच्यात आम्रपालीचे शब्द लिहू लागलो.
पुढून उधारी येते, मागून शब्द.
कुठंतरी मधे गाठ पडेल दोघांची.

पहिला शब्द: हाड.
आई नाही, बाबा नाही. ओट्यावरून, कुत्र्याला.
बायको म्हणाली,
"दिवसभर जे आयकते थेच म्हणन ना."

दुसरा, मम. म्हणजे आरओचं, माझ्या निळ्या कॅनमधलं.
तिसरा, खा. म्हणजे आमच्या विहिरीचं,
ज्यात डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही,
जे ताटावर पांढरी रेघ ठेवून वाळतं.
दोन महिने गेले मला समजायला
की "खा" म्हणताना ती खायला मागत नाही,
तोंड वाकडं करते.

दर्यापूरला शिबिरात नेली.
अडीच वर्षांची, शब्द किती?
मी वही दिली. उधारी चाळत बाई मागे पोचल्या.
एकोणीस.
कमी आहेत, म्हणाल्या. रागावल्या नाहीत.
कानाचं मशीन लावलं, कान चांगले निघाले.
मग चित्रं.
पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवून, हे काय?
आमूनं पेला पाह्यला, बाईंना पाह्यलं, मला पाह्यलं.
चित्रातलं पाणी चाखायचं कसं?
गप्प राहिली.
फुली पडली.

मी सांगायला पाहिजे होतं
की पाण्याला तिच्याकडं दोन शब्द आहेत.
पण माझीही जीभ तेव्हा वळली नाही.

नंतर ती बोलली. अशी बोलली
की वहीचा नाद सोडावा लागला.
कॅन मोजायची, "येक, दोन, पात";
शेजारच्या म्हशीशी भांडायची;
झोपेत कोणाला तरी "बस ना बे" म्हणायची.

चौथ्या वर्षी पुन्हा तेच टेबल.
हे काय? "केयं."
हे? "डोया."
आणि हे वरती, निळं निळं?
"आभाय."
बाईंनी नीट अक्षरात लिहिलं: र बोबडा. ळ येत नाही.

येताना एसटीत कंडक्टर ओरडला,
"मांगं सरका, मांगं मोकयं हाय!"
शेजारची म्हातारी आमूच्या गालाला हात लावून म्हणाली,
"डोये कसे कायेभोर हायेत पोरीचे."
मी कागदाची घडी उघडली, पुन्हा वाचली.
खाली नाव होतं, आम्रपाली सिद्धार्थ इंगळे.
इंगळे कागदावर. गावात आम्ही इंगयेच.
माझा बाप हा ळ न म्हणताच गेला.
हयद म्हणायचा, गूय म्हणायचा,
शेवटी शेवटी "जवय बस" म्हणायचा,
आणि आम्ही बसायचो.

र बरोबर आहे, र चुकतोच तिचा.
"लोटी" मागते, "लस्त्यावल" पडते.
त्यासाठी व्यायाम दिलाय. रात्री दिवा मालवायच्या आधी
मी कागद पाहून सांगतो,
"जीभ टायूले लाव."
"टायू म्हंजे?"
"टायू म्हंजे... वरती. तोंडातलं आभाय."
बायको भिंतीकडं तोंड करून हसते.

काल एकटाच गोठ्यामागं उभा राहून म्हणून पाह्यलं.
ळ. ळ.
लिहिताना येतो तो मला. दहावीला लिहिला,
बँकेच्या फॉर्मवर लिहितो.
तोंडातून मात्र लग्नाला मागून आणलेल्या शर्टासारखा निघाला,
खांद्यात आवळणारा.

मागे आमू उभी होती. कधीची, कोण जाणे.
"काय म्हनून लायले, बाबा?"
"ळ."
"कुठी हाय थो?"
मी तोंड उघडलं, जीभ उलटी करून दाखवली.
तिनं वाकून पाह्यलं, आत बोट घातलं,
विहिरीवरून आली होती, ओलं बोट,
आणि तिथंच, दातांमधे, शोधत राहिली.

बोट तोंडात असताना
माणसाला फार काही बोलता येत नाही.
"खा," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हो. खालंच हाय."